आउटलुक अडलं? खातं काढून टाकण्याआधी हा क्रम पाळा

मेल जात नाही म्हटलं की ऑफिसातलं कुणीतरी पुढे सरसावतं, आउटलुकमधलं खातं काढून टाकतं आणि नव्याने जोडतं. कधीकधी त्याने काम होतंही, म्हणून ही सवय सुटत नाही. एका कर सल्लागाराच्या ऑफिसात मी ऐन मार्चअखेरीला गेलो, तेव्हा खातं दोनदा काढून तिसऱ्यांदा जोडून झालं होतं. मूळ दुखणं निघालं आउटबॉक्समध्ये अडकलेली एक जाडजूड स्कॅन फाइल. ती काढायला दोन मिनिटं लागली. पण खातं काढताना पक्षकारांचे नंबर-पत्ते आणि तारखांचं कॅलेंडर पुसलं गेलं होतं, कारण ते फक्त त्याच कॉम्प्युटरवर होतं. ते परत मिळालं नाही.

हा लेख विंडोजवरच्या जुन्या, म्हणजे ‘क्लासिक’ आउटलुकसाठी आहे. वर उजव्या कोपऱ्यात ‘न्यू आउटलुक’ची कळ चालू दिसत असेल तर तुम्ही नव्या आउटलुकमध्ये आहात. त्यासाठी खालचे पहिले दोन टप्पे उपयोगी पडतील, पण ॲड-इन (आउटलुकला जोडलेली बाहेरची छोटी सॉफ्टवेअर), प्रोफाइल (खाती आणि त्यांच्या सेटिंग्जचा संच) आणि डेटा फाइलचे टप्पे लागू होणार नाहीत.

## तयारी: हात लावण्याआधी चार गोष्टी

१. संदेशाचा फोटो काढा. स्क्रीनवर जो एरर येतो तो मोबाइलवर टिपून ठेवा. ‘काहीतरी इंग्रजीत आलं होतं, मी ओके केलं’ एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. त्या ओळीत बहुतेक वेळा एक क्रमांक असतो आणि अर्धा शोध तिथेच संपतो.

२. खातं कोणत्या प्रकारचं आहे ते बघा. फाइल, मग अकाउंट सेटिंग्ज, पुन्हा अकाउंट सेटिंग्ज. खात्याच्या नावासमोर पॉप, आयमॅप किंवा एक्स्चेंज असं लिहिलेलं असतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ चं खातं असेल तर एक्स्चेंज दिसेल.

- पॉप: मेल सर्व्हरवरून उतरवून तुमच्या कॉम्प्युटरवरच्या पीएसटी फाइलमध्ये ठेवला जातो. सर्व्हरवरची प्रत ठरावीक दिवसांनी, बऱ्याचदा १४ दिवसांनी, काढून टाकण्याची सेटिंग असते. म्हणजे जुना मेल जगात एकाच ठिकाणी आहे: तुमच्या हार्ड डिस्कवर.
- एक्स्चेंज: मूळ मेल सर्व्हरवर. तुमच्याकडे ओएसटी नावाची फक्त नक्कल असते.
- आयमॅप: मेल सर्व्हरवर, पण कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडरच्या फोल्डरपुढे ‘धिस कॉम्प्युटर ओन्ली’ असं लिहिलेलं दिसलं तर ते सर्व्हरवर नाहीत. वर सांगितलेल्या ऑफिसात नेमकं हेच झालं. आयमॅप खातं काढलं की कॉम्प्युटरवरचं हे सगळं पुसलं जातं. आउटलुक तसा इशाराही देतं, पण तो वाचतो कोण?

३. प्रत काढा. पॉप असेल तर अकाउंट सेटिंग्जमधल्या डेटा फाइल्स टॅबवर जाऊन ‘ओपन फाइल लोकेशन’ दाबा, आउटलुक पूर्ण बंद करा आणि ती पीएसटी फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. आयमॅप असेल तर फाइल, ओपन अँड एक्स्पोर्ट, इम्पोर्ट/एक्स्पोर्ट या वाटेने कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर पीएसटीमध्ये काढून घ्या.

४. पासवर्ड हाताशी ठेवा. आउटलुकने लक्षात ठेवलेला ठिपक्यांचा पासवर्ड वाचता येत नाही. खरा पासवर्ड माहीत नसेल तर पुढचं काहीही सुरू करू नका.

> सावधान: आउटलुक चालू असताना पीएसटी कॉपी करू नका. खिडकी बंद केल्यावरही ते कधीकधी मागे चालूच असतं. टास्क मॅनेजर उघडून यादीत आउटलुक नाही याची खात्री करा.

## टप्पा १: दोष आउटलुकचा आहे की खात्याचा?

ब्राउझर उघडा आणि त्याच खात्यात वेबवरून शिरा. जीमेल असेल तर जीमेल, मायक्रोसॉफ्टचं असेल तर वेबवरचं आउटलुक, ऑफिसच्या स्वतःच्या डोमेनचं (पत्त्यात @ नंतर ऑफिसचंच नाव) असेल तर होस्टिंगवाल्याचं वेबमेल. तिथून स्वतःलाच एक मेल पाठवा.

वेबवरूनही मेल जात-येत नसेल तर आउटलुकमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. तेव्हा या दोन गोष्टी बघा.

एक, जागा. जीमेलच्या फुकट खात्याला १५ जीबी मिळतात आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांची वाटणी असते. लग्नाचे व्हिडिओ फोटोंमध्ये चढले की ऑफिसच्या कामाचा मेल यायचा थांबतो. माणूस मात्र मेलबॉक्स उपसत बसतो.

दुसरी, डोमेनचं नूतनीकरण. ऑफिसातल्या सगळ्यांचा मेल एकाच सकाळी बंद पडला असेल तर आधी हीच शंका घ्या. डोमेन घेताना ज्या भाच्याने वेबसाइट करून दिली होती, त्याच्या जुन्या ईमेलवर मुदतीच्या सूचना जात असतात आणि तो आता पुण्यात नोकरीला असतो.

तपासणी: वेबवर सगळं ठीक, आउटलुकमध्येच अडचण? मग पुढे चला.

## टप्पा २: ‘वर्क ऑफलाइन’ आणि घड्याळ

आउटलुकच्या अगदी खालच्या पट्टीवर ‘वर्किंग ऑफलाइन’ लिहिलेलं आहे का ते बघा. असेल तर सेंड/रिसीव्ह टॅबवर जाऊन ‘वर्क ऑफलाइन’ची कळ काढा. माऊस चुकून लागून हे होतं, आणि याच्यासाठी मला प्रवास करून जावं लागलेलं आहे.

मग विंडोजची तारीख-वेळ. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा सेल संपला की लाइट जाऊन आल्यावर तारीख काही वर्षं मागे जाते. मग सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र आउटलुकला चुकीचं वाटतं आणि सर्टिफिकेटचा इशारा येतो. तारीख दुरुस्त करा आणि सेलही बदला, नाहीतर पुढच्या भारनियमनाला पुन्हा तेच.

## टप्पा ३: आउटबॉक्समध्ये अडकलेला मेल

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून क्रम नीट पाळा.

मेल आउटबॉक्समध्ये पाठवण्याच्या तयारीत असतो तेव्हा त्याचं नाव तिरक्या अक्षरात दिसतं. तो का जात नाही हे बघायला तुम्ही तो उघडता आणि तसाच बंद करता. झालं! तिरकी अक्षरं सरळ होतात आणि तो मेल आता पाठवायचा नाही असं आउटलुक समजतं. तो तिथे वर्षभरही पडून राहील. अशा मेलला उघडून पुन्हा ‘सेंड’ दाबावं लागतं.

फाइल मोठी असल्यामुळे अडकला असेल तर असं करा:

१. सेंड/रिसीव्हमधून ‘वर्क ऑफलाइन’ चालू करा. पाठवण्याचा प्रयत्न थांबल्याशिवाय आउटलुक मेलला हात लावू देत नाही.
२. आउटलुक बंद करून पुन्हा उघडा.
३. आउटबॉक्समधला मेल ड्राफ्ट्समध्ये ओढा. लगेच डिलीट करू नका, मजकूर पुन्हा लागतो.
४. ‘वर्क ऑफलाइन’ बंद करा आणि दोन ओळींचा साधा मेल स्वतःला पाठवून बघा.
५. तो गेला तर ड्राफ्ट्समधल्या मेलची फाइल काढा, लहान करा किंवा ड्राइव्हवर ठेवून लिंक द्या, आणि मग पाठवा.

किती मोठी फाइल चालते? जीमेलवरून २५ एमबीपर्यंत, आणि पॉप-आयमॅप खात्यांसाठी आउटलुक स्वतःच २० एमबीच्या आसपास अडवतं. पण मेलमधून जाताना फाइलचं रूपांतर होतं आणि ती साधारण एक तृतीयांशाने फुगते. २० एमबीची पीडीएफ वाटेत सुमारे २७ एमबी होते. त्यामुळे पंधरा एमबीच्या आत राहा. स्कॅन करताना ६०० डीपीआय ठेवण्याची गरज नाही. वाचण्यापुरत्या कागदाला २०० ते ३०० पुरतात.

सगळेच मेल आउटबॉक्समध्ये थांबतात आणि सेंड/रिसीव्ह दाबल्यावरच जातात? मग फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्डमध्ये ‘सेंड इमिजिएटली व्हेन कनेक्टेड’ची खूण गेलेली आहे.

मेल येतो पण जात नाही, अशी तक्रार असेल तर खात्याच्या सेटिंगमधला पाठवण्याचा पोर्ट, म्हणजे सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक, बघा. पोर्ट २५ बऱ्याच इंटरनेट कंपन्या बंद ठेवतात. एसएमटीपीला (मेल पाठवण्याच्या व्यवस्थेला) ५८७ (स्टार्ट टीएलएससह) किंवा ४६५ (एसएसएलसह) हवा. येणाऱ्या मेलसाठी आयमॅपला ९९३, पॉपला ९९५. शिवाय ‘माय आउटगोइंग सर्व्हर रिक्वायर्स ऑथेंटिकेशन’वर खूण हवीच.

## टप्पा ४: पासवर्ड पुन्हापुन्हा मागतो

पासवर्ड बरोबर असूनही चौकट परत परत येते. इथे लोक तोच पासवर्ड दहा वेळा टाकतात आणि खातं काही काळ कुलूपबंद करून घेतात. दोनदा नाकारला की थांबा.

जीमेल असेल तर तुमचा नेहमीचा पासवर्ड क्लासिक आउटलुकच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये चालतच नाही. त्याच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये गूगलचं स्वतःचं साइन-इन पान उघडतं, तिथे चालतो. जुन्या आवृत्तीसाठी गूगल खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा ‘ॲप पासवर्ड’ तयार करावा लागतो आणि आउटलुकमध्ये तोच टाकावा लागतो. आणि ही मेख बघा: गूगलचा मुख्य पासवर्ड बदलला की सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात. ‘काल फक्त मोबाइलवर पासवर्ड बदलला, आउटलुकला काही केलं नाही’ या तक्रारीचं उत्तर हे आहे.

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून ऑफिसच्या ऑनलाइन खात्यांसाठी आणि सप्टेंबर २०२४ पासून वैयक्तिक आउटलुक-हॉटमेल खात्यांसाठी साध्या पासवर्डची जुनी पद्धत बंद केली. त्यामुळे आउटलुक २०१० वर अशी खाती आता चालत नाहीत. तिथे सेटिंग शोधत बसू नका, आवृत्ती बदलणं हाच उपाय.

बाकीच्यांनी कंट्रोल पॅनेलमधून क्रेडेन्शियल मॅनेजर उघडून विंडोज क्रेडेन्शियल्समधल्या ऑफिसच्या आणि त्या मेल खात्याच्या नोंदी काढाव्यात, आउटलुक पुन्हा सुरू करावं आणि पासवर्ड एकदाच, न चुकता टाकावा.

> सावधान: इतर कामाच्या नोंदीही त्याच यादीत असतात. नाव वाचल्याशिवाय काही पुसू नका.

## टप्पा ५: मेल आहे, पण दिसत नाही

‘मेल उडाले’ अशा तक्रारीत बहुतेक वेळा मेल उडालेले नसतात. क्रमाने बघा.

- ‘फोकस्ड’ आणि ‘अदर’ असे दोन टॅब असतील तर ‘अदर’ उघडा. मग जंक.
- व्ह्यू टॅबमधलं ‘रीसेट व्ह्यू’ दाबा. कुणीतरी चुकून ‘अनरीड’ची गाळणी लावलेली असते.
- एक वर्षाच्या आधीचे मेल नाहीत? एक्स्चेंज खात्यात कॉम्प्युटरवर किती महिन्यांचा मेल ठेवायचा याची सरकपट्टी असते. ती बऱ्याचदा एका वर्षावर असते. अकाउंट सेटिंग्जमध्ये ‘चेंज’ दाबून ती ‘ऑल’वर न्या आणि रात्रभर चालू ठेवा.
- रूल्स तपासा. सोडून गेलेल्या सहकाऱ्याने लावलेला ‘या पत्त्यावरचा मेल त्या फोल्डरात’ हा नियम त्याच्यामागेही इमानदारीने चालू राहतो.

फोल्डरात मेल दिसतो पण शोधल्यावर सापडत नाही, तर दोष शोध-सूचीचा. फाइल, ऑप्शन्स, सर्च, इंडेक्सिंग ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, रीबिल्ड. मेलबॉक्स मोठा असेल तर याला काही तास लागतात आणि तोवर शोध आणखी अर्धवट चालतो. जीएसटी विवरणाच्या २० तारखेला दुपारी हे बटण दाबू नका. संध्याकाळी घरी जाताना दाबा.

## टप्पा ६: आउटलुक उघडतच नाही किंवा लटकतं

कंट्रोल कळ दाबून धरा आणि आउटलुकच्या चिन्हावर क्लिक करा. सेफ मोडमध्ये सुरू करायचं का असं विचारेल, हो म्हणा. सेफ मोडमध्ये नीट चाललं तर आउटलुक धड आहे आणि दोष बहुधा बाहेरच्या ॲड-इनचा आहे. अँटिव्हायरस, पीडीएफ बनवणारं सॉफ्टवेअर, मीटिंगची ॲप्स हे नेहमीचे संशयित.

फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स. खाली ‘मॅनेज: कॉम ॲड-इन्स’ निवडून ‘गो’. सगळ्या खुणा काढा, आउटलुक नेहमीसारखं सुरू करा, मग एकेक खूण परत लावत प्रत्येक वेळी बंद-चालू करा. एका वेळी दोन लावल्या की गुन्हेगार कळत नाही. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता नाही.

## टप्पा ७: डेटा फाइल

सेफ मोडमध्येही लटकतं? आता फाइलकडे वळा. तयारीतली प्रत काढली नसेल तर इथून परत फिरा.

एक्स्चेंज किंवा आयमॅप (ओएसटी): आउटलुक बंद करा, ओएसटी फाइलचं नाव बदलून शेवटी ‘जुनी’ असं काही जोडा, आउटलुक उघडा. ते सर्व्हरवरून नवी फाइल बांधतं. डिलीट न करता नाव बदलायचं ते परतीचा रस्ता राहावा म्हणून. आउटबॉक्समधले न गेलेले मेल आणि ‘धिस कॉम्प्युटर ओन्ली’ फोल्डर नव्या फाइलमध्ये येत नाहीत, हे पुन्हा सांगतो.

पॉप (पीएसटी): ही फाइल नाव बदलल्याने नव्याने बांधली जात नाही, तिची दुरुस्तीच करावी लागते. ऑफिससोबत ‘स्कॅनपीएसटी’ नावाचं अवजार येतं. बहुधा प्रोग्राम फाइल्समध्ये मायक्रोसॉफ्ट ऑफिस, रूट, ऑफिस१६ या फोल्डरात सापडेल. दुरुस्तीआधी बॅकअप घेण्याची खूण ठेवा. एकदा चालवून थांबू नका; चुका सापडत नाहीत तोपर्यंत पुन्हा चालवा. नंतर ‘लॉस्ट अँड फाउंड’ असा फोल्डर दिसला तर तो उघडून बघा, सुटे मेल तिथे पडलेले असतात.

पीएसटीची मर्यादा आउटलुक २०१० पासून ५० जीबी आहे, त्याआधीच्या दोन आवृत्त्यांत २० जीबी होती. मर्यादेजवळ गेलेली फाइल दुरुस्त केली तरी पुन्हा रुसते. जुनी वर्षं वेगळ्या पीएसटीत हलवा.

आणि ती फाइल आहे कुठे? नेहमीची जागा म्हणजे डॉक्युमेंट्समधला ‘आउटलुक फाइल्स’ फोल्डर. अलीकडे विंडोज डॉक्युमेंट्सचा वनड्राइव्हवर बॅकअप चालू करून टाकतं. मग एकच फाइल दोघं ओढतात, आउटलुक लिहितं आणि वनड्राइव्ह वर चढवतं, आणि फाइल बिघडते किंवा ‘वापरात आहे’ म्हणून उघडत नाही. आउटलुक बंद करून पीएसटी वनड्राइव्हच्या बाहेर, समजा डी ड्राइव्हवरच्या फोल्डरात हलवा. उघडताना ‘फाइल सापडत नाही’ म्हणेल तेव्हा नवी जागा दाखवा. ऑफिसच्या शेअर केलेल्या नेटवर्क ड्राइव्हवरून पीएसटी चालवू नका, तेही असंच महागात पडतं.

## टप्पा ८: नवं प्रोफाइल, आणि मग रिपेअर

खातं काढण्याऐवजी शेजारी नवं प्रोफाइल उभं करा. कंट्रोल पॅनेल, मेल, शो प्रोफाइल्स, ॲड. त्यात खातं जोडा, खाली ‘प्रॉम्प्ट फॉर अ प्रोफाइल’ निवडा, म्हणजे सुरू होताना कोणतं हवं ते विचारेल. जुनं प्रोफाइल पंधरा दिवस तसंच राहू द्या. पॉप खात्यात नवं प्रोफाइल रिकामी पीएसटी बनवतं आणि ‘सगळे मेल गेले’ असा आरडाओरडा होतो. फाइल, ओपन अँड एक्स्पोर्ट, ओपन आउटलुक डेटा फाइलमधून जुनी पीएसटी जोडा.

याने भागलं नाही तरच प्रोग्रॅम्स अँड फीचर्समधून ऑफिस निवडून ‘चेंज’: आधी क्विक रिपेअर, मग ऑनलाइन रिपेअर. ऑनलाइनला चांगलं इंटरनेट आणि वेळ लागतो, आणि नंतर परवाना पुन्हा सुरू करावा लागू शकतो.

## क्रमाबाहेरच्या दोन तक्रारी

मेलमधून उघडून दुरुस्त केलेली फाइल हरवली. मेलमधली एक्सेल शीट थेट उघडून तासभर आकडे भरले, सेव्ह केलं, आणि आता सापडत नाही. थेट उघडलेली फाइल एका लपलेल्या तात्पुरत्या फोल्डरात असते. आधी एक्सेलमध्ये फाइल, ओपन, रिसेंटमध्ये बघा, नशीब असेल तर तिथे आहे. सापडेपर्यंत डिस्क क्लीनअप किंवा कुठलंही ‘सफाई’ ॲप चालवू नका, तो फोल्डर त्यांच्या पहिल्या तडाख्यात जातो.

मराठी मजकूर विचित्र दिसतो. याचे तीन प्रकार आहेत आणि तिघांवर एकच औषध नाही.

साधी इंग्रजी अक्षरं कशीही जुळवलेली दिसत असतील तर समोरच्याने श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी सुरेखसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलंय. तो फॉन्ट तुमच्याकडे नाही. त्यांच्याकडून पीडीएफ मागवा, किंवा युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या.

वर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’ पुन्हापुन्हा दिसत असेल तर मजकूर युनिकोडच आहे, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचला जातोय. मेल वेगळ्या खिडकीत उघडून ॲक्शन्स, अदर ॲक्शन्स, एन्कोडिंगमध्ये युनिकोड यूटीएफ-८ निवडा. सीएसव्ही फाइलचं असंच होत असेल तर ती डबल-क्लिक करून उघडू नका. एक्सेलच्या डेटा टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने आणा आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ निवडा.

आणि नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर अक्षरं वाटेतच गळालेली आहेत. तुमच्या बाजूने काहीही केलं तरी ती परत येणार नाहीत. पाठवणाऱ्याला सांगा की त्याच्या आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, इंटरनॅशनल ऑप्शन्समध्ये बाहेर जाणाऱ्या मेलसाठी यूटीएफ-८ निवडून मेल पुन्हा पाठवावा, आणि जुनाच मेल फॉरवर्ड करू नये, नव्याने लिहावा.